दोन तारामती

तारामती ही हरिश्चंद्राची राणी. राज्य गेलें, नवऱ्याच्या वचनापायीं भर बाजारांत उभें राहून स्वतःची विक्री करून घ्यावी लागली, परक्याच्या घरीं पाणी भरावें लागलें, आणि शेवटीं सर्पदंशानें गेलेल्या मुलाचें प्रेत उचलून स्मशानाची वाट धरावी लागली. कीर्तनांतून आणि आख्यानांतून ही कथा महाराष्ट्रांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली जात आली आहे. आपल्या चित्रपटाच्या इतिहासांत ही तारामती दोनदां महत्त्वाची ठरली. पहिली १९१३ सालची, दुसरी १९३२ सालची. या एकोणीस वर्षांत काय घडलें तें समजून घ्यावयाचें असेल तर दुसऱ्या तारामतीचें, म्हणजे दुर्गाबाई खोटे यांचें, चरित्र पाहावें लागतें.

पहिली तारामती पुरुष होती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्यासाठीं एखादी स्त्री मिळावी म्हणून फाळक्यांनीं नाना खटपटी केल्या. जाहिराती दिल्या, आणि ज्या वस्तीचें नांव सभ्य घरांत उच्चारलें जात नसे तेथेंही जाऊन पाहिलें. तेथूनही नकारच आला. कॅमेऱ्यासमोर उभें राहणें त्या स्त्रियांनाही कमीपणाचें वाटलें, यावरून त्या काळच्या लोकमताची कल्पना करावी. अखेर ग्रँट रोडच्या बाजूस एका खाणावळींत काम करणारा अण्णा साळुंके नांवाचा सडपातळ तरुण फाळक्यांच्या दृष्टीस पडला आणि तोच राणी झाला. चार वर्षांनीं ‘लंकादहन’ मध्यें तर याच साळुंक्यांनीं राम आणि सीता अशा दोनही भूमिका केल्या. प्रेक्षकांना त्यांत वावगें वाटलें नाहीं. बालगंधर्वांच्या शालूवर आणि चालण्या-बोलण्यावर उभा महाराष्ट्र लुब्ध असतां पडद्यावर एका खाणावळींतल्या मुलाची राणी व्हावी यांत नवल तें काय?

त्याच वर्षीं ‘मोहिनी भस्मासुर’ मध्यें दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या मायलेकी पडद्यावर आल्या, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. पुढें कमलाबाई गोखले या नांवानें प्रसिद्ध झालेली ती मुलगी लहानपणापासून रंगभूमीवर वावरलेली होती. त्या मायलेकींचें धाडस मोठें, पण त्यांच्या मागून घरंदाज मुलींची रीघ लागली असें मात्र झालें नाहीं. मूकपटाच्या पुढच्या काळांत ज्या नट्या लोकप्रिय झाल्या त्यांत अँग्लो-इंडियन आणि यहुदी मुलींचा भरणा मोठा होता. ‘सुलोचना’ म्हणजे रूबी मायर्स आणि ‘सीतादेवी’ म्हणजे रेनी स्मिथ. नांवें पुराणांतलीं, चेहरे सुंदर, आणि बोलावयाचें कांहींच नसल्यानें उच्चारांची अडचण नव्हती. मूकपट हा या बाबतींत मोठा उदार होता. त्यानें कोणाची जीभ तपासली नाहीं.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत ‘आलम आरा’ झळकला आणि ही उदारता एका दिवसांत संपली. पडदा बोलूं लागला म्हणजे त्याला भाषा आली, भाषेबरोबर उच्चार आले, आणि उच्चारांबरोबर, मान्य करा अथवा न करा, घराणें आलें. राणीच्या तोंडचें मराठी राणीचें वाटलें पाहिजे. पार्श्वगायनाची युक्ति हिंदुस्थानांत आली ती १९३५ सालीं कलकत्त्यास. तोंपर्यंत पडद्यावर जो गात असे तोच खरोखर गात असे. म्हणजे नटीला रूप हवें, शुद्ध वाणी हवी, गळा हवा, आणि संवाद पाठ करण्याइतकें शिक्षणही हवें. अशा मुली होत्या, नव्हत्या असें नाहीं. पण त्या गिरगांवांतील आणि पुण्यांतील सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत होत्या, आणि त्या दिवाणखान्याचा उंबरठा चित्रपटाच्या दिशेनें ओलांडावयाचा नाहीं हा अलिखित नियम होता.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईचा. माहेर लाडांचें, मूळ गोव्याकडील, घरची बोली कोंकणी. वडील पांडुरंग शामराव लाड यांचा सॉलिसिटरचा व्यवसाय होता. कांदेवाडींतील मोठ्या एकत्र कुटुंबांत त्यांचें बालपण गेलें. शाळा कॅथीड्रल, पुढें सेंट झेव्हियर कॉलेज. त्या काळीं मुलीला एवढें इंग्रजी शिक्षण देणारीं घरें मोजकींच होतीं, आणि अशा घरांतही मुलीचें लग्न ही गोष्ट पदवीची वाट पाहात थांबत नसे. कॉलेजचें शिक्षण पुरें होण्यापूर्वींच खोटे यांच्या श्रीमंत घराण्यांत त्यांचा विवाह झाला. पति विश्वनाथराव हे बनारस हिंदु विश्वविद्यालयाचे यंत्रशास्त्राचे पदवीधर. विशीच्या सुमारास बकुल आणि हरीन या दोन मुलांच्या त्या आई झाल्या होत्या. येथवरचें चरित्र त्या काळच्या कोणत्याही सुखवस्तु सारस्वत घरांतल्या सुनेचें असावें तसेंच आहे.

मग खोटे घराण्याची संपत्ति ओसरली. घराणें मोठें असलें म्हणजे पडझडही मोठी होते, आणि तिचा आवाज आधीं स्वयंपाकघरांत ऐकूं येतो. मुलांचें शिक्षण व्हावयाचें होतें, हातांत पैसा नव्हता, माहेरीं हात पसरावयाचा नव्हता. दुर्गाबाईंनीं शिकवण्या धरल्या. सुशिक्षित स्त्रीला त्या दिवसांत उपजीविकेचे जे दोन-तीन मार्ग खुले होते, शिक्षिका, परिचारिका किंवा डॉक्टर, त्यांतला पहिलाच त्यांच्या आटोक्यांतला होता, आणि त्यांत भागत नव्हतें. पुढें पतीचेंही अकालीं निधन झालें आणि दोन मुलांचा भार एकट्या त्यांच्यावर आला. अभिनयाची हौस, रंगभूमीची ओढ, कलेची साधना असे शब्द नटांच्या चरित्रांत फार वापरले जातात. येथें ते आरंभीं तरी लागू पडत नाहींत. येथें प्रश्न घर चालविण्याचा होता.

मोहन भवनानी यांचा ‘फरेबी जाल’ हा मूकपट १९३१ सालीं तयार होत होता. ‘आलम आरा’च्या लाटेंत मूकपट बुडणार हें दिसत असल्यामुळें त्याला शेवटीं बोलका भाग जोडावयाचें ठरलें आणि त्यासाठीं एक सुशिक्षित, बोलकी मुलगी हवी होती. दुर्गाबाईंनीं तें काम केलें. भूमिका लहान, अवघ्या कांहीं मिनिटांची. उरलेल्या चित्रपटांत काय आहे याची त्यांना नीटशी कल्पनाही नव्हती. चित्रपट लोकांपुढें आला तो हलक्या दर्जाचा निघाला, आणि जाहिरातीचा भर मात्र लाड आणि खोटे या दोन घराण्यांच्या नांवांवर होता. मुंबईच्या सारस्वत समाजांत जो गहजब उडाला त्याचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. एखाद्या बाईचें पाऊल पडावें आणि तिनें पुन्हां घराबाहेर पडूं नये, एवढा तो पुरेसा होता.

याच चित्रपटांतील तेवढ्याशा तुकड्यावरून कोल्हापुरांतल्या एका दिग्दर्शकानें त्यांना हेरलें, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा. ‘प्रभात फिल्म कंपनी’ची स्थापना कोल्हापुरांत १९२९ च्या जूनमध्यें झाली होती. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे चौघे कलावंत आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी अशी ती पंचायतन-भागीदारी. मूकपटांत नांव मिळविल्यावर त्यांनीं पहिला बोलपट हाती घेतला तो ‘अयोध्येचा राजा’. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठीं गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेंच. आणि तारामतीसाठीं शांतारामांनीं दुर्गाबाई खोटे यांना बोलावलें.

त्या वेळचें बोलपटाचें काम कसें चाले हें आजच्या वाचकाला सांगितल्याशिवाय त्यांतले कष्ट ध्यानांत यावयाचे नाहींत. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वेळीं टिपले जात. ध्वनिग्राहक म्हणजे मायक्रोफोन कोठें तरी झाडामागें किंवा खांबाआड दडविलेला असे. नटानें त्याच्या टप्प्यांतच बोलावयाचें, मान वळली कीं शब्द गेला. गाणें असेल तर पेटी, तबला आणि सारंगीवाले कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर पण मायक्रोफोनच्या कक्षेंत बसावयाचे. एखादा कावळा ओरडला, कोणाला ठसका आला, कीं सबंध प्रसंग पहिल्यापासून. त्यांत ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत होत होता. म्हणजे तारामतीनें मुलाच्या प्रेतावर मराठींत आक्रोश करावयाचा, आणि डोळे पुसून होतात न होतात तोंच तोच आक्रोश हिंदींत. नाटकांतल्या नटाला असा प्रसंग कधीं येत नाहीं. दुर्गाबाईंना तर रंगभूमीचाही अनुभव नव्हता, आणि गाण्याची तालीम टेंब्यांच्या हाताखालीं जेवढी मिळाली तेवढीच.

परंतु हाच अननुभव त्यांना उपकारक झाला असें म्हणावेंसें वाटतें. नाटक-कंपन्यांतून तयार झालेला नट शेवटच्या रांगेंतील श्रोत्यासाठीं बोलतो. तो स्वर लांबवितो, वाक्याच्या शेवटीं टाळीसाठीं जागा ठेवतो. मायक्रोफोनला हें खपत नाहीं. तो कानाजवळ बसलेला श्रोता आहे. दुर्गाबाईंच्या बोलण्यांत कंपनीची छाप नव्हती. होती ती मोठ्या घरांत वाढलेल्या, नोकरचाकरांशीं मोजकें बोलण्याची संवय असलेल्या बाईची सहज ऐट. त्यांची राणी राणी वाटे ती दागिन्यांमुळें नव्हे. आणि बाजारांत विकली जाणारी राणी उभी करतांना, ज्या घरांत काल भरभराट होती तेथून आज कामासाठीं बाहेर पडलेल्या स्त्रीचें दुःख त्यांना कोठें शोधावयास जावें लागलें नसेल.

१९३२ च्या आरंभीं बोलपट लोकांपुढें आला. मराठींतील पहिला बोलपट म्हणून तो गणला जातो. ज्या समाजानें वर्षापूर्वीं नाकें मुरडलीं होतीं त्याच समाजांतील कुटुंबें तारामती पाहण्यास गेलीं. लोकमत असें बदलतें. तें आपली चूक कबूल करीत नाहीं, नुसतें तिकीट काढतें. त्याच वर्षीं ‘माया मच्छिंद्र’ मध्यें स्त्रीराज्याची राणी किलोतला त्यांनीं केली. शेजारीं पाळलेला चित्ता घेऊन सिंहासनावर बसलेली ही राणी तारामतीच्या अगदीं उलट टोकाची. सोशिक भूमिकांच्या मखरांत आपल्याला कोणी कायमचें बसवूं नये, याची काळजी त्यांनीं पहिल्याच वर्षीं घेतलेली दिसते.

येथें दुसऱ्या एका स्त्रीची आठवण अपरिहार्य आहे. दुर्गाबाई जन्मल्या त्याच १९०५ सालीं, सप्टेंबरच्या १८ तारखेस, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें एका मजुराच्या घरीं ग्रेटा लोविसा गुस्तावसन ही मुलगी जन्मली. चौदा वर्षांची असतां बाप गेला. न्हाव्याच्या दुकानांत गिऱ्हाइकांच्या गालाला साबण लावण्याचें काम तिनें केलें, मग एका मोठ्या दुकानांत विक्रीचें. दुकानाच्या जाहिरातीच्या चित्रपटांतून ती पडद्यावर आली, राजकीय नाट्यशाळेंत शिकली, आणि मॉरिट्झ स्टिलर या दिग्दर्शकानें सेल्मा लागरलोफ हिच्या कादंबरीवर १९२४ सालीं काढलेल्या ‘गोस्टा बर्लिंग’ मध्यें तिला घेतलें. पुढच्याच वर्षीं ती हॉलिवुडला गेली आणि ग्रेटा गार्बो या नांवानें जगाला ठाऊक झाली. बोलपट आला तेव्हां तिच्याही पुढें जिभेचाच प्रश्न उभा राहिला. स्वीडिश वळणाचें तिचें इंग्रजी अमेरिकेला रुचेल काय, या धास्तीनें कंपनीनें तिला उशिरापर्यंत मूकपटांतच ठेवलें. १९३० च्या ‘अ‍ॅना ख्रिस्ती’ मध्यें ती प्रथम बोलली, आणि तिचा तो जड, खोल आवाजच लोकांना आवडला. ‘गार्बो बोलते’ एवढीच त्या चित्रपटाची जाहिरात होती.

एक मजुराची मुलगी, दुसरी सॉलिसिटरची. एकीला पडद्यानें वर चढविलें, दुसरी पडद्यावर गेली ती, लोकांच्या दृष्टीनें, खालीं उतरून. युरोपांत गरीब मुलीनें नटी होणें ही परीकथा होती; मुंबईंत श्रीमंत घरच्या सुनेनें नटी होणें ही बदनामी होती. दोघींच्या पहिल्या पावलांतला हा भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढें त्यांच्या वाटा जेथें फुटल्या त्याचें मूळही यांतच असावें.

त्या काळच्या चित्रपट-कंपन्यांत नट हा पगारी नोकर असे. सकाळीं ठरल्या वेळीं हजर व्हावयाचें, काम असो वा नसो, महिन्याच्या शेवटीं वेतन घ्यावयाचें, आणि करार संपेपर्यंत दुसऱ्या कोणाकडे काम करावयाचें नाहीं. शांता आपटे यांच्यासारख्या लोकप्रिय नटीनें १९३९ सालीं कराराच्या वादावरून ‘प्रभात’च्या दारांत उपोषण मांडलें होतें, तें याच व्यवस्थेच्या पोटांतून. दुर्गाबाईंनीं मात्र फार लवकर एका कंपनीची बांधिलकी सोडून भूमिकेगणिक करार करण्याचा रस्ता धरला, आणि असें करणाऱ्या आरंभींच्या कलावंतांत त्यांची गणना होते. कलकत्त्यास देवकी बोस यांच्याकडे ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ‘सीता’ (१९३४) हे दोन बोलपट त्यांनीं केले. ‘सीता’ त्याच वर्षीं व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवांत दाखविला गेला. त्यांत राम झाले होते पृथ्वीराज कपूर. हें नांव पुढें पुन्हां येणार आहे. मग ‘प्रभात’मध्यें परतून, आतां कंपनी पुण्यास आली होती, शांतारामांचाच ‘अमर ज्योति’ (१९३६).

‘अमर ज्योति’ची सौदामिनी ही दुर्गाबाईंच्या कारकीर्दींतली सर्वांत लक्षांत घेण्याजोगी भूमिका होय. पोटच्या मुलाचा ताबा आईला नाहीं, तो बापाचा, असा कायदा राज्याच्या दरबारांत तिला ऐकविला जातो. न्याय मिळत नाहीं म्हणून ती समुद्रावर चांचेगिरी पत्करते, आणि ज्या मंत्र्यानें तिला उडवून लावलें त्यास पकडून सूड उगविते. कथा काल्पनिक, पोशाख ऐतिहासिक, पण प्रश्न घरोघरचा. चांच्यांच्या गलबतावर उभी राहून हुकूम सोडणारी ही बाई पाहतांना कित्येक गृहिणींच्या मनांत काय आलें असेल याची नोंद कोणीं ठेवली नाहीं. तिचा शेवट मात्र तडजोडीकडे झुकतो, आणि तेथें दिग्दर्शकाचा धीर थोडा सुटल्यासारखा वाटतो. त्याच दशकाच्या अखेरीस ‘साथी’ या बोलपटाच्या निमित्तानें दुर्गाबाईंनीं निर्मितीच्या व्यवहारांतही पाऊल टाकलें.

मुंबई-पुण्याच्या बाहेर हा बोलपट कसा पोहोंचे? नागपूर-वर्धा रस्त्यावरील सेलूसारखें गांव डोळ्यांपुढें आणावें. तेव्हांचा मध्यप्रांत-वऱ्हाड हा मुलूख. चित्रपट-वितरकांच्या भाषेंत ‘सी. पी. बेरार’ हें त्याचें नांव, प्रांत मोडून राज्यें बदललीं तरी व्यापारांत दीर्घकाळ टिकून राहिलें. अशा गांवांकडे बोलपट येई तो बहुधा फिरत्या तंबूंतून, आणि शहरांत धंदा करून झाल्यावर. हजार फुटांचें एक रीळ अकरा मिनिटांत संपे. एकच यंत्र असलें म्हणजे प्रत्येक रिळानंतर दिवे लागत आणि दुसरें रीळ चढेपर्यंत प्रेक्षक गप्पा मारीत. बोलपटाचा आवाज फिल्मच्याच कडेला उमटविलेला असतो. ती कड कित्येक गांवें हिंडून झिजली कीं आवाज खरखरे, आणि तुटलेला तुकडा काढून जोड दिला कीं तारामतीच्या विलापांतलें अर्धें वाक्य नाहींसें होई. मूकपट हातानें कमी-अधिक वेगानें फिरविला तरी चाले. बोलपटाला सेकंदाला चोवीस चित्रें हा एकच वेग चालतो, म्हणून विजेचें यंत्र बरोबर हवें. एवढा खटाटोप करून शेवटीं कथा दिसे ती हरिश्चंद्राची किंवा सीतेची, जी सर्वांना आधींच पाठ होती. तरीही नवें कांहीं दिसत होतें, तें म्हणजे खरी स्त्री.

सेलूच्या संबंधांत आणखी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. याच जिल्ह्यांत १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम शेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, होता. सेलूहून वर्ध्यास जातांना वाटेंत पवनार लागतें, तेथें विनोबा. आणि गांधीजींचें चित्रपटाविषयींचें मत प्रतिकूल होतें. १९२७-२८ च्या सरकारी चित्रपट-समितीनें विचारणा केली तेव्हांही त्यांनीं चित्रपटाबद्दल चांगला शब्द काढला नाहीं, आणि जुगार-शर्यतींच्या पंक्तींत ते सिनेमाला बसवीत. यानें व्यथित होऊन ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९३९ सालीं ‘फिल्मइंडिया’ मासिकांतून त्यांना एक अनावृत पत्र लिहिलें. म्हणजे दुर्गाबाईंसारख्या स्त्रीला केवळ नातेवाईकांच्या कुजबुजीला तोंड द्यावयाचें नव्हतें. देशांत ज्याच्या शब्दाला सर्वांत मान त्या पुरुषाचा कौलही तिच्या व्यवसायाविरुद्ध होता. १९४४ सालीं गांधीजींनीं जुहूस ‘रामराज्य’ पाहिला, ही गोष्ट चित्रपटवाल्यांनीं पुढें कित्येक वर्षें अभिमानानें सांगितली. त्याचे दिग्दर्शक विजय भट्ट. त्यांच्याच आधल्या ‘भरत-भेट’ (१९४२) मध्यें दुर्गाबाई कैकेयी होत्या.

कैकेयीपर्यंत त्या कशा आल्या, येथें गार्बोचा धागा पुन्हां हातीं घेतला पाहिजे. १९४१ सालीं दोघी छत्तीस वर्षांच्या होत्या. त्या वर्षीं गार्बोचा ‘टू-फेस्ड वूमन’ हा चित्रपट आला, फसला, आणि त्यानंतर तिनें एकही चित्रपट केला नाहीं. पुढचीं जवळजवळ पन्नास वर्षें ती न्यूयॉर्कमध्यें काळा चष्मा लावून, लोकांना टाळीत जगली. १५ एप्रिल १९९० रोजीं वारली. तिचा चेहरा तरुणच राहिला, कारण तिनें तो म्हातारा होतांना कोणास दाखविलाच नाहीं. त्याच १९४१ सालीं आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ मध्यें दुर्गाबाईंनीं काय केलें? खाष्ट सासू. सून होती वनमाला. नायिकेचें सिंहासन रिकामें करून त्यांनीं स्वतः होऊन पाटाखालची, हातीं पोळपाट-लाटणें घेतलेली भूमिका उचलली आणि ती अशी वठविली कीं हिंदी आवृत्ति ‘चरणोंकी दासी’ पाहून बंगालच्या चित्रपट-पत्रकारांनीं त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला; कैकेयीबद्दल तो पुन्हां मिळाला. याचा अर्थ राणीपदें संपलीं असा नव्हे. १९४३ च्या सोहराब मोदींच्या ‘पृथ्वी-वल्लभ’ मधली त्यांची गर्विष्ठ मृणालवती, कैद करून आणलेल्या मुंज राजाला वाकवितां वाकवितां स्वतःच वाकणारी, जाणकारांच्या मतें त्यांच्या उत्तम कामांपैकीं एक.

गार्बोनें थांबणें हें सौंदर्याच्या दृष्टीनें कदाचित् योग्यच होतें. दुर्गाबाईंना तसें थांबणें परवडणारें नव्हतें, हें पहिलें कारण. पण दुसरेंही एक कारण असावें. ज्या बाईनें पडद्यावर प्रथम पाऊल टाकलें तें रूप मिरविण्यासाठीं नव्हे, तिला रूप ओसरण्याचें भय तितकें वाटत नाहीं. काम हें काम. तें आईचें असो, सासूचें असो, आजीचें असो.

चित्रपटांत नांव झाल्यावर त्या रंगभूमीकडे वळल्या, हा क्रमही उलटाच. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यमहोत्सवांतून खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ मधली आनंदीबाई त्यांनीं गाजविली. वि. वा. शिरवाडकर यांनीं शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून लिहिलेलें ‘राजमुकुट’ १९५४ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत नानासाहेब फाटक यांच्या जोडीला दुर्गाबाई होत्या. ज्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषांच्या हातून काढून घेण्यास स्त्रियांना इतकीं वर्षें लागलीं, तेथें पडद्यावरून आलेल्या बाईनें महत्त्वाकांक्षी, खुनाला प्रवृत्त करणाऱ्या स्त्रिया उभ्या कराव्या हें पाहण्यासारखें होतें. बालगंधर्व स्वतः मात्र १९३५ सालीं ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ मध्यें पडद्यावर आले ते एकनाथ म्हणून, पुरुषवेषांत; काळ बदलला होता आणि तो त्यांच्याही अंगावरून गेला होता. दुर्गाबाईंना १९५८ सालीं नाट्याभिनयाबद्दल संगीत नाटक अकादमीचें पारितोषिक मिळालें.

१९६० सालीं ‘मुघल-ए-आझम’ प्रदर्शित झाला. अकबर पृथ्वीराज कपूर, जोधाबाई दुर्गा खोटे. सव्वीस वर्षांपूर्वीं कलकत्त्यास जे राम आणि सीता होते तेच आतां बादशहा आणि बेगम होऊन मुलाच्या प्रेमापायीं एकमेकांसमोर उभे राहिले. चित्रपट लोकांना आठवतो तो सलीम-अनारकलीसाठीं, शीशमहालासाठीं. पण नवरा राज्य म्हणतो आणि मुलगा प्रेम म्हणतो, त्या दोघांच्या मधें उभी असलेली आई काय करीत होती तें एकदां केवळ तिच्याकडेच लक्ष ठेवून पाहावें. ती फारसें कांहीं करीत नाहीं; ती ऐकते. पडद्यावर ऐकणें हें बोलण्याहून अवघड असतें. पुढील पिढीनें त्यांना ओळखलें तें ‘बॉबी’ (१९७३) मधील नायकाला लहानाचा मोठा करणारी मिसेस ब्रगांझा म्हणून, आणि ‘बिदाई’ (१९७४) मधल्या आईबद्दल त्यांना फिल्मफेअरचें सहाय्यक अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. एकूण चित्रपटांची संख्या दोनशेंच्या घरांत जाते. त्यांतल्या पुष्कळ भूमिका दोन आंसवांच्या आणि एका आशीर्वादाच्या होत्या हें लपविण्यांत अर्थ नाहीं. हिंदी चित्रपटानें आईला त्याहून अधिक काम क्वचितच दिलें.

कॅमेऱ्यापुढें उभ्या राहतां राहतां त्या कॅमेऱ्यामागची बाजूही सांभाळीत होत्या. लघुपट, माहितीपट, जाहिरातपट यांचा व्यवसाय त्यांनीं १९५० नंतरच्या काळांत उभारला. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या कल्पनेवरून १९८८ सालीं दूरदर्शनवर आलेली आणि घरोघर पाहिली गेलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. घराण्याचें म्हणाल तर ज्या खोटे घराण्याला सुनेच्या पडद्यावर जाण्यानें एकदां मान खालीं घालावी लागली, त्याच घराण्यांतून पुढें शुभा खोटे आणि विजू खोटे हे दुर्गाबाईंच्या दिरांचीं मुलें या नात्यानें चित्रपटांत आलीं आणि लोकप्रिय झालीं. मराठी रंगभूमीच्या थोर दिग्दर्शिका विजया मेहता या दुर्गाबाईंच्या धाकट्या मुलाच्या पत्नी होत. तो मुलगा, हरीन, तरुणपणींच गेला. आईच्या भूमिका करणाऱ्या बाईच्या वाट्याला खरें पुत्रशोकही आलें, आणि त्यानंतरही त्या कामावर जात राहिल्या.

१९६८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. १९८२ सालीं ‘मी दुर्गा खोटे’ हें आत्मचरित्र निघालें. तें वाचतांना लेखिकेचा स्वर जागोजागीं रोखठोक वाटतो, स्वतःविषयीं दया मागणारा नव्हे. शांता गोखले यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें आहे. पुढच्याच वर्षींचें दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना देण्यांत आलें, म्हणजे ज्या फाळक्यांना तारामतीसाठीं एकही बाई मिळाली नव्हती त्यांच्या नांवाचें. आयुष्याचा अखेरचा काळ त्यांनीं अलिबागेस काढला. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं, त्या वारल्या. भारतीय चित्रपटाला शंभर वर्षें झालीं तेव्हां, ३ मे २०१३ रोजीं, टपाल खात्यानें पन्नास कलावंतांचीं तिकिटें काढलीं, त्यांत एक त्यांचें होतें. अण्णा साळुंक्यांचें त्यांत नव्हतें.